लीड जनरेशन: सोशल मीडिया आणि एसईओ यांचा तोल

धंद्याला चौकशा आणणाऱ्या दोन वाटा आहेत, एक सोशल मीडिया मार्केटिंगची आणि दुसरी एसईओची म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशनची, गूगलसारख्या सर्चवर आपलं पान वर आणण्याच्या कामाची. या दोन्हींवर पैसा, वेळ आणि माणसं कशी वाटायची हे ठरवण्याच्या कामाला लीड जनरेशनमधला तोल म्हणतात. लीड म्हणजे लाइक नाही, व्ह्यू नाही, फॉलोअरही नाही. ज्याने आपला नंबर दिला, फोन केला किंवा व्हॉट्सॲपवर रेट विचारला तो माणूस म्हणजे लीड. मुंबईत दादरच्या डेंटल क्लिनिकपासून अंधेरी एमआयडीसीतल्या छोट्या युनिटपर्यंत सगळीकडे हा विषय निघतो आणि बहुतेक वेळा ‘दोन्हींपैकी चांगलं कुठलं’ इथेच अडकतो. त्याआधी विचारायचा प्रश्न असा की आपल्या गिऱ्हाइकाला गरज आधीच पडलेली असते, का आपण दाखवल्यावर त्याला ती गोष्ट हवीशी वाटते? याचं उत्तर मिळालं की बजेट कुठे जास्त टाकायचं ते अर्ध्याहून जास्त ठरतं.

दोन्हींचा स्वभाव

सर्चवर माणूस स्वतः चालत येतो. बेडरूमच्या भिंतीला ओल आली, दाढ ठणकायला लागली, ऑफिसचं भाडं करार नूतनीकरणाला आलं, की तो फोन काढतो आणि टाइप करतो, आणि त्या क्षणी पहिल्या चार-पाच नावांत आपण नसलो तर त्याच्यासाठी आपण नाहीच. सोशल मीडियावर उलटं असतं, तिथे तो विरार फास्टमध्ये उभा राहून रील बघत असतो, त्याला काही विकत घ्यायचं नसतं, पण कोणीतरी छोट्या किचनमध्ये ट्रॉली कशा बसवल्या ते दाखवतं आणि तो व्हिडिओ सेव्ह करून बायकोला पाठवतो. ती चौकशी आज येत नाही, दोन महिन्यांनी घराचा ताबा मिळाला की येते.

वेळेचा हिशोबही वेगळा आहे. पोस्टचं आयुष्य काही तासांचं नाहीतर फार तर काही दिवसांचं, पैसे टाकून जाहिरात चालवली तर मात्र संध्याकाळपर्यंत फोन वाजू शकतो. एसईओचा परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष लागतं असं गूगलकडूनच सांगितलं गेलंय, पण एकदा पान वर आलं की रोज पैसे न टाकताही ते चौकशा आणत राहतं. म्हणून नवीन धंद्याने पहिले सहा महिने नुसत्या एसईओवर बसून राहणं आणि जुन्या धंद्याने वर्षानुवर्षं नुसत्या जाहिरातीच चालवणं, दोन्ही महागात पडतं.

थोडा इतिहास

जस्टडायल १९९६ साली मुंबईत सुरू झालं, तेव्हा लोक फोन करून प्लंबरचा नंबर विचारायचे, म्हणजे लोकल सर्च, जवळपासचं दुकान किंवा कारागीर शोधणं, ही सवय या शहराला इंटरनेट घरोघरी पोचण्याआधीपासून आहे. गूगल १९९८ चं, त्याची ॲडवर्ड्स ही जाहिरात सेवा २००० ची. सुरुवातीला पानात तेच तेच शब्द कोंबून आणि लिंक विकत घेऊन वर येता यायचं, गूगलने निकाल लावायची पद्धत बदलली, २०११ चं पांडा अपडेट आणि २०१२ चं पेंग्विन अपडेट आलं, आणि तो प्रकार बराच कमी झाला. फेसबुकने २००७ मध्ये बिझनेस पेजेस आणली आणि २०१५ मध्ये लीड ॲड्स, म्हणजे अशा जाहिराती ज्यात फेसबुक न सोडताच फॉर्म भरता येतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि व्हिडिओ सगळ्यांच्या हातात गेला. जानेवारी २०१८ मध्ये दोन गोष्टी झाल्या, व्हॉट्सॲप बिझनेस ॲप आलं आणि फेसबुकने फीडमध्ये घरच्यांच्या नि मित्रांच्या पोस्टना जास्त जागा द्यायचं जाहीर केलं, त्यामुळे फुकटात पोचणाऱ्या बिझनेस पोस्ट आणखी आटल्या. जून २०२० च्या शेवटी टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच जुलैत भारतात इन्स्टाग्रामवर रील्स सुरू झाल्या.

वॉटरप्रूफिंगचं उदाहरण

मुंबईत हा तोल नीट समजून घ्यायचा तर वॉटरप्रूफिंगच्या धंद्याइतकं चांगलं उदाहरण नाही. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो आणि वरच्या मजल्यावरच्या घरांत छत टपकायला लागलं की सगळे एकदम सर्च करायला लागतात. पण टेरेसचं पक्कं काम, म्हणजे जुना कोबा तोडून विटांच्या तुकड्यांचा नवा ब्रिकबॅट कोबा घालणं, उतार काढणं, पाणी साठवून टेस्ट करणं, हे भर पावसात होत नाही, तेव्हा लोक ताडपत्री टाकून दिवस काढतात. म्हणजे सर्चची लाट आणि कामाचा सीझन यांच्यात तीन-चार महिन्यांचं अंतर आहे, आणि हे अंतर ज्याने ओळखलं त्याचं प्लॅनिंगच बदलतं.

एसईओचं काम पावसाळा संपल्या संपल्या सुरू करावं लागतं, ऑक्टोबरात पान लिहिलं तर जूनपर्यंत ते वर यायला वेळ मिळतो, मे महिन्यात एजन्सीला फोन करून पहिल्या पानावर आणा म्हणणाऱ्याच्या हातात त्या वर्षी जाहिरातीशिवाय काही उरत नाही. पानावर काय असावं? टेरेसची गळती आणि वरच्या फ्लॅटच्या बाथरूमची गळती यातला फरक कसा ओळखायचा, खर्च कोणावर येतो, काम किती दिवस चालतं, तेवढे दिवस टाक्यांच्या पाइपांचं काय करायचं, असे प्रश्न जे सोसायटीचे सेक्रेटरी खरोखर विचारतात. सोशल मीडियावर त्याच काळात काम दाखवायचं, कोबा तोडताना खाली निघालेला सडका थर, पाण्याने भरलेली टेरेस, दुसऱ्या दिवशी खालच्या घराचं कोरडं छत.

मग सोसायटीत काय होतं ते बघा. निर्णय एका माणसाचा नसतो. कमिटीतला एक जण गूगलवर मुलुंड ईस्ट टाकून कॉन्ट्रॅक्टर शोधतो, मॅपवर प्रोफाइल उघडतो, रिव्ह्यू वाचतो, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो. साइट व्हिजिट होते, कोटेशनची पीडीएफ येते, अशी तीन कोटेशनं जमतात आणि कमिटीच्या ग्रुपवर पडतात. तिथून पुढे खजिनदारापासून कधी मीटिंगला न येणाऱ्या मेंबरपर्यंत जो तो आपापल्या फोनवर त्या तीन नावांचा शोध घेतो. सर्चने चौकशी आणली, पण आता इन्स्टाग्रामचं पान रिकामं दिसलं, शेवटची पोस्ट जुन्या दिवाळी शुभेच्छांची निघाली तर पारडं दुसऱ्याकडे झुकतं. सहकारी सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा साधारणपणे ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि मोठ्या दुरुस्तीचा खर्च तिथे मंजूर होतो, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच वॉर्डात चालवलेली साधी व्हिडिओ जाहिरात जूनमधल्या जाहिरातीपेक्षा कामाची ठरू शकते, कारण तेव्हा निर्णय घेणारी माणसं तो विषय हातात घेऊन बसलेली असतात.

कुठल्या धंद्याला काय

इमर्जन्सीची कामं, डॉक्टर, सीए, पेस्ट कंट्रोल, पॅकर्स यांना सर्चवर जोर हवा. नागदेवी स्ट्रीटवरच्या मशीन टूल्सवाल्याला किंवा लोहार चाळीतल्या इलेक्ट्रिकल होलसेलरला नेमका पार्ट नंबर टाकून शोधणारा खरेदीदार मिळतो, त्याने रील्सवर वेळ घालवण्यापेक्षा प्रत्येक वस्तूचं नीट पान बनवावं. मेंदी, केक, साड्या, डेकोरेशन, घरगुती फराळ यांचं गिऱ्हाईक डोळ्यांनी ठरवतं, तिथे सोशल मीडिया पुढे. उकडीचे मोदक तर गणपतीच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांचा खेळ आहे, त्यात सोसायट्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप बऱ्याच ऑर्डर आणतात, पण ‘मोदक ऑर्डर दादर’ असं शोधणारे नवे लोकही दरवर्षी असतातच. इंटिरियर आणि रिअल इस्टेटला दोन्ही लागतं, आणि तिथेच भांडणं जास्त होतात, कारण माणूस आधी रील बघतो, मग नाव सर्च करतो, मग फोन करतो आणि दोन्ही टीम ती लीड आपलीच म्हणतात.

लोकल सर्चमध्ये गूगल तीन गोष्टी बघतं, शोधलेल्या गोष्टीशी आपण किती जुळतो, शोधणाऱ्यापासून किती लांब आहोत आणि आपलं नाव किती माहितीतलं आहे. मुंबईत यातलं अंतर फार जड जातं, बोरिवलीतलं दुकान परळला बसलेल्या माणसाला मॅपवर सहसा वर दिसत नाही, आणि ईस्ट-वेस्टचा फरक तर इथे शहर बदलल्यासारखा आहे. म्हणून गूगलवरच्या आपल्या बिझनेस प्रोफाइलवर पत्ता, वेळ, फोटो नीट ठेवणं आणि काम झाल्यावर त्याच दिवशी गिऱ्हाइकाकडून खरा रिव्ह्यू मागणं, हे बिनपैशाचं काम सगळ्यात आधी करावं. विकतचे रिव्ह्यू गूगलच्या नियमांत बसत नाहीत, आणि वाचणाऱ्याला ते ओळखूही येतात.

स्वस्त लीड, महाग गिऱ्हाईक

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. समजा ३०,००० रुपये सोशल मीडियाच्या फॉर्मवर टाकले आणि २०० लीड आल्या, म्हणजे १५० रुपयांना एक, त्यातली ४ कामं पक्की झाली तर एक गिऱ्हाईक पडलं ७,५०० रुपयांना. तेवढेच पैसे सर्चवर घातले, लीड आल्या फक्त ४०, म्हणजे ७५० ला एक, पण कामं झाली ६, तर गिऱ्हाईक ५,००० ला पडलं. रिपोर्टमध्ये पहिला आकडा सुंदर दिसतो आणि मालक खूश होतो. आकडे धंद्यागणिक उलटेही निघतील, पण हिशोब गिऱ्हाइकापर्यंत न्यायलाच हवा, लीडपाशी थांबवायचा नाही.

फॉर्मच्या लीड कच्च्या निघतात त्याचं एक कारण साधं आहे, फेसबुकचा फॉर्म नाव-नंबर आपोआप भरून देतो, अंगठा दोनदा टेकला की झालं, मग टेलिकॉलरने फोन केला की समोरून येतं, ‘अहो ताई, मी कुठे फॉर्म भरलाय?’ कधी नंबरच जुना असतो. यावर उपाय म्हणजे फॉर्ममध्ये एक-दोन प्रश्न हाताने भरायला ठेवणं, काम कुठल्या एरियात आहे, कधी करायचंय, आणि पाठवण्याआधी एकदा तपासायला लावणारा फॉर्म निवडणं. लीड कमी येतात, पण बोलण्यासारख्या येतात.

दुसरं कारण आपल्याच ऑफिसात असतं. २०११ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये आलेल्या अभ्यासात असं दिसलं होतं की तासाभरात संपर्क करणाऱ्या कंपन्यांना त्यानंतर तासभर उशीर करणाऱ्यांपेक्षा कामाचं बोलणं होण्याची शक्यता जवळपास सातपट होती. शनिवारी रात्री आलेली चौकशी सोमवारी दुपारी उचलायची आणि मग चॅनेलला नावं ठेवायची, हा अन्याय आहे. लीड कुठून आली हे वहीत का होईना पण लिहिलंच पाहिजे. लिंकला यूटीएम म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारी खूण लावणं, वेबसाइट आणि जाहिरातीला वेगळे नंबर देणं आणि फोनवर ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ असं विचारणं, एवढ्यावरही छोट्या धंद्याचं भागतं.

एकमेकांना मदत

पोस्टला लाइक आले म्हणून गूगलवर रँक वाढत नाही, सोशल मीडियावरच्या लिंकही बहुतेक नोफॉलो असतात, म्हणजे रँकसाठी धरू नका अशी खूण असलेल्या. फायदा आडवळणाने होतो. रील बघून लोक आपलं नाव सर्च करतात, आणि नावाने शोधणारा माणूस सगळ्यात लवकर फोन करतो. उलट दिशेने, गूगलच्या सर्च कन्सोल या फुकट टूलमध्ये लोक काय टाइप करून येतात ते दिसतं, तेच प्रश्न घेऊन व्हिडिओ बनवले तर विषय शोधत बसावं लागत नाही. मराठी माणूस कधी देवनागरीत, कधी इंग्रजी अक्षरांत मराठी, कधी सरळ इंग्रजीत शोधतो, हेही तिथेच कळतं, आणि मराठी पानांना स्पर्धा अजून कमी आहे ही मोठी संधी आहे.

सगळं एकाच जागी ठेवणं धोक्याचं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जवळपास सहा तास एकत्र बंद पडलं होतं, ज्यांच्या ऑर्डर फक्त तिथून यायच्या त्यांचं काउंटरच बंद झालं. गूगलच्या कोअर अपडेटनंतर, म्हणजे निकाल लावायच्या पद्धतीतल्या मोठ्या बदलानंतर, वर असलेलं पान रातोरात खाली गेल्याचंही बऱ्याच जणांनी सोसलंय. स्वतःची वेबसाइट आणि परवानगी घेऊन जमवलेली नंबरांची यादी मात्र आपली राहते.

नियम

रिअल इस्टेट प्रकल्पाच्या जाहिरातीत, मग ती रील असो वा वेबसाइट, महारेराचा म्हणजे राज्याच्या रिअल इस्टेट नियामकाचा नोंदणी क्रमांक लागतोच, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. इन्फ्लुएन्सरला पैसे किंवा वस्तू दिली असेल तर ते सांगावं लागतं, मुंबईतल्याच ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. लोकांचे नंबर जमवणाऱ्यांसाठी २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे, त्यामुळे कुठूनतरी विकत घेतलेल्या डेटाबेसवर फोन मारणं आता सोडावं.

अलीकडचे बदल

ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगलच्या निकालांवर एआय ओव्हरव्ह्यू म्हणजे एआयने तयार केलेली उत्तरं दिसायला लागली, त्यात साध्या माहितीच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं आणि माणूस पानावर येतोच असं नाही. पण साइट बघायला कोण येईल, ठाण्यापलीकडे येतात का, रेट काय, अशा प्रश्नांसाठी त्याला अजूनही धंद्याचं पान किंवा फोनच लागतो, त्यामुळे नुसत्या व्याख्या देणारे लेख लिहिण्यात आता पूर्वीइतका अर्थ नाही. जुलै २०२५ पासून इन्स्टाग्रामच्या प्रोफेशनल अकाउंटवरच्या सार्वजनिक पोस्टही गूगल सर्चमध्ये दिसू शकतात. म्हणजे रीलच्या कॅप्शनमध्ये चार इमोजी टाकण्याऐवजी काम काय होतं, कुठल्या एरियात झालं, किती दिवस लागले हे लिहिलं तर तीच पोस्ट दोन्हीकडे उपयोगी पडते.