होसे जेम्सचा 'लीन ऑन मी' आणि त्यामागचा बिल विदर्स

2018 च्या सप्टेंबरमध्ये ब्लू नोट रेकॉर्ड्स या जॅझच्या रेकॉर्ड कंपनीने अमेरिकन गायक होसे जेम्सचा 'लीन ऑन मी' हा अल्बम काढला. 12 गाणी आणि बाराच्या बारा बिल विदर्सची. बिल हा सोलमधला, म्हणजे चर्चची गाणी आणि ब्लूज यांतून आलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतातला, गायक आणि गीतकार. त्याच वर्षी 4 जुलैला बिल 80 वर्षांचा झाला होता. ट्रिब्यूट अल्बम म्हटलं की आपण धरूनच चालतो की ज्याची गाणी आहेत तो माणूस गेलाय, फोटोला हार घातलाय आणि आता मागचे लोक गातायत. इथे तसं नव्हतं. बिल लॉस एंजेलिसमध्येच राहत होता, फक्त 1985 नंतर त्याने नवीन अल्बम केलेला नव्हता. हा अल्बम असा साधा, सरळ का झालाय हे कळायला बिलची गोष्ट माहीत पाहिजे, ती मला फार जवळची वाटते म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

बिल 1938 चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क नावाच्या कोळसा खाणीच्या गावातला, वाढला शेजारच्या बेकलीत. घरातले पुरुष खाणीत जायचे, न गेलेला तो पहिला. तेरा वर्षांचा असताना वडील गेले. लहानपणापासून बोलताना अडखळायचा, आणि ते अडखळणं अठ्ठाविशीपर्यंत गेलं नाही. कोवळ्या वयात नेव्हीत भरती झाला, नऊ वर्षं काढली, आणि 1967 मध्ये लॉस एंजेलिसला आला. तिथे विमानांच्या टॉयलेटची जोडणी करायच्या फॅक्टरीत नोकरी. पगारातून पैसे वाचवून स्टुडिओत डेमो, म्हणजे नमुन्याची रेकॉर्डिंग, करायचा आणि लोकांना नेऊन ऐकवायचा. गिटारही उशिराच शिकला. म्हणजे ज्या वयात बाकीच्या सोल गायकांचे चार-पाच अल्बम होऊन गेलेले असायचे त्या वयात हा माणूस ड्युटीवरून येऊन गाणी लिहीत बसलेला.

क्लॅरन्स अ‍ॅव्हंटने त्याला आपल्या ससेक्स या छोट्या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीत, घेतलं आणि बुकर टी. जोन्सला प्रोड्यूसर म्हणून दिलं. बुकर टी. सांगतो की बिल स्टुडिओत आला आणि त्याने विचारलं, ही गाणी म्हणणार कोण? त्याला खरंच वाटत होतं की आपण फक्त लिहिणारे. 1971 मध्ये 'जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम' आला तेव्हा बिल तिशी ओलांडून गेला होता. त्या अल्बमचं कव्हर एकदा नीट बघा. फॅक्टरीच्या भिंतीला टेकून उभा आहे, हातात जेवणाचा डबा. फोटो लंच ब्रेकमध्येच काढलेला, कारण नोकरी अजून चालूच होती. संगीताच्या धंद्यावर त्याचा भरवसा नव्हता, आणि पुढे जे झालं ते बघता तो चुकला नाही असंच म्हणावं लागतं.

'एन्ट नो सनशाइन' याच अल्बममधलं. गाणं दोन मिनिटांच्या थोडं पुढे जातं, बस. मध्ये तो 'आय नो, आय नो' असं 26 वेळा म्हणतो ना, तिथे खरं तर त्याला अजून शब्द लिहायचे होते, पण बाकीचे म्हणाले राहू दे असंच, आणि बाकीचे म्हणजे बुकर टी. वगैरे मुरलेले लोक, तेव्हा याने ऐकलं. सिंगल, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी रेकॉर्ड, काढली तेव्हा हे मागच्या बाजूला होतं, पुढे त्याचंच 'हार्लेम' हे गाणं. रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटी करून लावली. या गाण्यासाठी त्याला ग्रॅमी मिळालं. मायकल जॅक्सनच्या पहिल्या सोलो अल्बममध्येही ते आहे, 1972 च्या सुरुवातीचा, तेव्हा मायकल तेरा वर्षांचा.

मग 'स्टिल बिल', 1972, आणि त्यात 'लीन ऑन मी'. याची गोष्ट मला सगळ्यात आवडते. पैसे आल्यावर बिलने एक छोटा इलेक्ट्रिक पियानो घेतला. वाजवायला फारसं येत नव्हतं, म्हणून बोटं शेजारशेजारच्या पट्ट्यांवर नुसती वर नेली आणि खाली आणली. घरात पेटी असेल तर आत्ता करून बघा, पांढऱ्या पट्ट्यांवर सा रे ग म, म ग रे सा, चाल सुरूच होते तिथून! मी पहिल्यांदा केलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण एवढ्यावर गाणं उभं आहे. आणि शब्द आले स्लॅब फोर्कच्या आठवणीतून, जिथे कुणाला काही कमी पडलं की शेजारी उभा राहायचा. जुलै 1972 मध्ये हे गाणं अमेरिकेत एक नंबरला होतं. 1987 मध्ये क्लब नूव्हो या ग्रुपने म्हटलं तेव्हा परत एक नंबर.

पुढे ससेक्स बंद पडलं, 1975 मध्ये बिल कोलंबिया या मोठ्या लेबलकडे गेला. 'लव्हली डे' तिथलं, 1977 चं, शेवटी 18 सेकंद धरलेला तो सूर. सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियरबरोबरचं 'जस्ट द टू ऑफ अस' हे त्यानंतरचं, त्यालाही ग्रॅमी. पण लेबलमधली माणसं त्याला काय गायचं ते शिकवायला लागली, एकाने एल्व्हिसचं 'इन द गेटो' गा म्हणून सुचवलं. ज्याने 'ग्रँडमाज हँड्स'मध्ये चर्चमध्ये टाळ्या वाजवणारे आजीचे हात चार ओळींत उभे केले त्याला हे सांगायचं! 1985 ला शेवटचा अल्बम दिला आणि बाजूला झाला. रुसून किंवा गाजावाजा करून नाही, नुसता घरी राहिला, मुलं वाढवली, गाण्यांचे हक्क सांभाळले. 2015 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा स्टीव्ही वंडरने त्याची ओळख करून दिली.

होसे जेम्स मिनिअ‍ॅपोलिसचा, जन्म 1978, म्हणजे बिलची मोठी गाणी याच्या जन्माच्या आसपासची. मुळात जॅझ गायक, पण हिपहॉप ऐकत वाढलेला, आणि बिलची गाणी तर हिपहॉपवाल्यांनी किती वापरलीत, ब्लॅकस्ट्रीट या ग्रुपच्या 'नो डिगिटी'त 'ग्रँडमाज हँड्स'चाच तुकडा आहे. 2015 मध्ये त्याने जॅझ गायिका बिली हॉलिडेच्या गाण्यांचा अल्बम केला होता, तिच्या जन्मशताब्दीला. बिलची दोन-तीन गाणी एकमेकांत गुंफून तो स्टेजवर बरीच वर्षं गात होता, त्यातूनच हा अल्बम निघाला. प्रोड्यूसर तो स्वतः आणि ब्लू नोटचा प्रमुख डॉन वॉझ. रेकॉर्डिंग हॉलिवूडच्या कॅपिटल स्टुडिओत.

आपल्याकडे कुमार गंधर्वांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' केलं, त्यात 'उमजलेले' हा शब्द महत्त्वाचा. जेम्सने बिलची गाणी उमजून काय केलं, तर फार काही केलं नाही, आणि माझ्या मते तेच बरोबर. बास पिनो पॅलाडिनो, ड्रम्स नेट स्मिथ, कीबोर्ड क्रिस बॉवर्स, गिटार ब्रॅड अ‍ॅलन विल्यम्स, एवढाच मुख्य संच. नेट स्मिथचं काम सगळ्यात अवघड, कारण बिलच्या 'यूज मी'चा मूळ ठेका जेम्स गॅडसन या ड्रमरचा, लोक तो तोंडाने वाजवतात. 'लव्हली डे'ला सोबत लेला हॅथवे, म्हणजे डॉनी हॅथवेची मुलगी, डॉनी म्हणजे बिलच्याच काळातला सोलमधला मोठा आवाज. आणि नुसती हिट गाणी घेतली नाहीत हेही चांगलं, 'होप शी'ल बी हॅपिअर' आणि 'बेटर ऑफ डेड'सारखी एकट्याने ऐकायची गाणीही घेतलीत.

बिल 30 मार्च 2020 ला गेला, हृदयविकाराने, 81 व्या वर्षी. घरच्यांनी बातमी दिली तेव्हा अर्धं जग लॉकडाऊनमध्ये होतं आणि हॉस्पिटलमध्ये राबणाऱ्यांसाठी ठिकठिकाणी लोक 'लीन ऑन मी' म्हणत होते. त्या रात्री मी आधी जेम्सचं 'ग्रँडमाज हँड्स' लावलं, मग बिलचं, मग परत जेम्सचं.