लिटल मोर्टन हॉल: घर वाकलं कशाने, टिकलं कशाने

इंग्लंडमधल्या चेशर परगण्यातला लिटल मोर्टन हॉल पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हे घर आता खंदकात कलंडणार. दक्षिणेकडची बाजू पार वाकडीतिकडी, तुळया मधेच दबलेल्या.

बांधकाम सुरू झालं १५०४च्या सुमारास आणि शतकभर टप्प्याटप्प्याने चालू राहिलं. मोर्टन घराणं जमीनदारांचं. १३४८च्या प्लेगनंतर ओस पडलेल्या आणि पुढे आठव्या हेन्रीने मठ मोडल्यावर विक्रीला आलेल्या जमिनी घेत त्यांनी पसारा वाढवला. भोवतालचा खंदक लढाईसाठी नव्हे, मानमरातबासाठी.

दगडी जोत्यावर ओकच्या लाकडांचा सांगाडा आणि मधल्या चौकटींत काटक्यांवर लिंपलेली माती. आपल्या कोकणातल्या कुडाच्या भिंतींचीच ही जातकुळी. आज डोळ्यांत भरतो तो काळा-पांढरा रंग मात्र व्हिक्टोरियाच्या काळातल्या आवडीचा. आधी ओक उघडाच असे, उन्हापावसाने रुपेरी पडलेला.

चौकातल्या खिडक्यांवर १५५९ सालचा लेख आहे. त्यात मालक विल्यम मोर्टनचं नाव आहेच, पण सुतार रिचर्ड डेल यानेही ‘देवाच्या कृपेने या खिडक्या मी केल्या’ असं कोरून ठेवलंय. मला या घरातली ही सगळ्यात मोलाची ओळ वाटते. एवढ्या जुन्या घरांच्या कारागिरांची नावं कुठे उरतात?

घर वाकलं ते वरच्या मजल्यापायी. पावसाळी दिवसांत फेऱ्या मारायला मोर्टनांनी दक्षिणेच्या बाजूवर सुमारे ६८ फूट लांबीचं दालन मागाहून चढवलं आणि त्यावर जड दगडी फरश्यांचं छप्पर घातलं. तो भार खालच्या लाकडांना पेलवला नाही. याच दालनाच्या लाकडी अस्तरामागे जुने टेनिसचे चेंडू सापडले!

यादवी युद्धात मोर्टन राजाच्या बाजूने होते. १६४३ साली पार्लमेंटच्या सैन्याने घर ताब्यात घेतलं. पुढे ते परत मिळालं, पण घराणं कर्जात बुडालं, आणि घर कुळांकडे गेलं. एकोणिसाव्या शतकात तर प्रार्थनाघरात कोळसा साठवत. पैसा असता, तर जुनं पाडून नव्या पद्धतीची हवेली उठली असती. गरिबीनेच हे घर राखलं, असं माझं मत आहे.

१८९२ साली वारसा आला एलिझाबेथ मोर्टन या ख्रिस्ती जोगिणीकडे. तिने प्रार्थनाघर दुरुस्त केलं, वरच्या दालनाला पोलादी सळयांचा आधारही बहुधा तिनेच दिला, आणि १९१२ साली, कधीही विकायचं नाही या अटीवर, घर नात्यातल्या चार्ल्स अब्राहम यांच्या नावे केलं. त्यांनी १९३८ साली ते नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे सोपवलं.