‘बोनापार्ट्स रिट्रीट’ आणि ‘हो-डाउन’: चाल परंपरेची, घडण एका वादकाची

आरन कोपलंड या अमेरिकन संगीतकाराचे ‘हो-डाउन’ वाचकांनी ऐकले आहे, असे मी धरून चालतो. अ‍ॅग्नेस डी मिल या नृत्यदिग्दर्शिकेच्या ‘रोडियो’ या बॅलेचा तो शेवटचा भाग; संगीत कोपलंड यांचे. हा बॅले १९४२ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये प्रथम सादर झाला. १९७२ साली इमर्सन, लेक अँड पामर या गटाने ‘हो-डाउन’ रॉकमध्ये आणले आणि पुढे गोमांसाच्या जाहिरातीमुळे ते अमेरिकेत घरोघरी पोचले. इतके पुरे.

‘हो-डाउन’ची मुख्य धून कोपलंड यांनी रचली, हे विधान सरळसरळ चूक असून ते खोडायला वेळ लागत नाही. मला खरा त्रास होतो तो त्यावर दिल्या जाणाऱ्या दुरुस्तीचा: ‘कोपलंड यांनी बोनापार्ट्स रिट्रीट ही जुनी लोकधून घेतली.’ हे वाक्य अर्धे खरे आहे, म्हणूनच ते पुनःपुन्हा लिहिले जाते, आणि त्यात नेमका एक माणूस गाळला जातो.

‘बोनापार्ट्स रिट्रीट’ ही अमेरिकेच्या दक्षिणेकडील फिडलवादकांची (फिडल म्हणजे लोकसंगीतातले व्हायोलिन) जुनी चाल, आणि बहुतेकांच्या हाती ती संथ कूच म्हणूनच राहिली. ती वाजवण्यासाठी फिडल वेगळे लावतात. नेहमीच्या जी-डी-ए-ई तारांपैकी सर्वांत खालची जी उतरवून डीवर आणायची आणि सर्वांत वरची ई एक स्वर उतरवून तीही डीवर आणायची. खालची तार इतकी सैल होते की गज टेकताच ती घुमू लागते. गज दोन तारांवर एकदम ठेवला की खाली अखंड डी आणि वर चाल, असा बॅगपाइपसारखा नाद उठतो. नेपोलियनच्या सैन्याची माघार, तोफांचे आवाज, सैनिकांची पावले, असे पुष्कळ काही वादकांनी या चालीला जोडले आहे. कोणी ती माघार मॉस्कोची मानतो, कोणी वॉटर्लूची. या कथांवर मी फार भर देणार नाही, कारण चालीची ओळख तिच्या संथपणात आणि त्या घुमणाऱ्या तारेत आहे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये अ‍ॅलन आणि एलिझाबेथ लोमॅक्स हे दांपत्य लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लोकगीत संग्रहासाठी ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन केंटकीतील सॅलियर्सव्हिल येथे पोचले. तिथे विल्यम हॅमिल्टन स्टेप या साठी ओलांडलेल्या फिडलवादकाने त्यांना हीच चाल वाजवून दाखवली. तारा त्याने परंपरेप्रमाणेच लावल्या होत्या, मात्र कूच ठेवली नाही. तिला त्याने नाचाच्या वेगावर नेले, आणि त्या वेगात गजाचे आघात, स्वरांची वळणे, वाक्यांचे तोडणे हे सारे नव्याने बसवले. बंदिश ठाऊक असणे आणि ती एखाद्याने कशी मांडली हे ठाऊक असणे यांत जितके अंतर आहे, तितकेच इथेही आहे.

रुथ क्रॉफर्ड सीगर यांनी ते ध्वनिमुद्रण ऐकून त्याचे स्वरलेखन केले. त्या स्वतः संगीतकार होत्या आणि त्यांचा कान विलक्षण काटेकोर होता. त्यामुळे कागदावर उतरली ती चालीची ढोबळ रूपरेषा नव्हती, स्टेपचे वादन होते. हे स्वरलेखन १९४१ साली अ‍ॅलन आणि त्यांचे वडील जॉन या लोमॅक्स पितापुत्रांच्या लोकगीतसंग्रहात छापले गेले आणि कोपलंड यांनी ते तिथून उचलले, जवळजवळ स्वरागणिक. म्हणजे ‘हो-डाउन’मधली ती धडाडी परंपरेने चालत आलेली नाही आणि कोपलंड यांनी घातलेलीही नाही, ती स्टेपची आहे. ज्याला पटत नसेल त्याने आधी एखादी संथ कूच ऐकावी, मग स्टेपचे ध्वनिमुद्रण आणि शेवटी वाद्यवृंद. हा क्रम उलटा करू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण वाद्यवृंदाचा झगमगाट एकदा कानात बसला की स्टेपच्या गजाचा खरखरीत जोर कच्चा वाटू लागतो, आणि तो अजिबात कच्चा नाही.

बाकीचे गोंधळ किरकोळ आहेत. १९५० साली गायिका के स्टार यांनी गाजवलेले ‘बोनापार्ट्स रिट्रीट’ हे पी वी किंग यांनी शब्द बसवलेले नाचाचे गाणे. ते चालीचे मूळ रूप नव्हे. ‘बोनापार्ट क्रॉसिंग द ऱ्हाइन’ ही नावापुरती नातलग, चाल स्वतंत्र.

एक खबरदारी मात्र स्टेपच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही घ्यावी. संपूर्ण ‘हो-डाउन’ स्टेपचे नाही. आरंभी तारा जुळवणाऱ्या फिडलवादकांचा भास आणि सबंध वाद्यवृंदाची रचना कोपलंड यांची आहे, आणि मधली दुसरी धून ‘मिस मॅक्लाउड्स रील’ या वेगळ्याच जुन्या नृत्यचालीवरून आली आहे.