विस्तृत नाडीदाब

हृदय आकुंचन पावताना रोहिण्यांत (धमन्यांत) चढणारा कमाल रक्तदाब (आकुंचन दाब) आणि हृदय सैलावल्यावर उरणारा किमान रक्तदाब (प्रसरण दाब) यांतील फरकास नाडीदाब म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात यालाच पल्स प्रेशर म्हणतात. रक्तदाब १२०/८० असल्यास नाडीदाब ४० मिमी. पारा भरतो. तो ६० मिमी.च्या वर गेल्यास विस्तृत मानण्याचा प्रघात आहे, तर काही लेखक आकुंचन दाबाच्या निम्म्याहून अधिक फरक ही कसोटी लावतात. कोणतीही कसोटी वयाचा विचार न करता लावणे योग्य नाही, कारण सत्तरीतल्या व्यक्तीत ६५ हा आकडा सर्रास आढळतो, परंतु विशीतल्या व्यक्तीत तोच आढळल्यास कारणाचा शोध घ्यावा लागतो. वरचा आकडा चढला, खालचा उतरला की दोन्ही घडले, यावर निदानाची दिशा ठरते. नुसती वजाबाकी टिपून मूळचे दोन आकडे सोडून दिल्यास या चिन्हाचा अर्थच हरवतो.

डाव्या जवनिकेतून (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यातून) प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणाऱ्या रक्ताचा मोठा भाग महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रोहिणीच्या) लवचिक भित्ती फुगून क्षणभर साठवून घेतात आणि प्रसरणकाळात पुढे सोडतात. स्टीफन हेल्स यांनी १७३३ मध्ये या क्रियेची तुलना आगीच्या बंबातील हवेच्या कोठीशी केली आणि ओटो फ्रांक यांनी १८९९ मध्ये तिला गणिती रूप दिले. या विचारानुसार एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त वाढले, भित्ती ताठर झाल्या किंवा साठलेल्या रक्ताला लवकर निसटण्यास वाट मिळाली, तर नाडीदाब रुंदावतो. पूर्ण हृद्‌रोधात (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा विद्युतसंदेश खालच्या कप्प्यांपर्यंत न पोहोचल्यास) नाडी अतिशय मंद झाल्यानेही तेच घडते, कारण प्रसरणकाळ लांबतो आणि दोन ठोक्यांमध्ये अधिक रक्त भरते. ताठर रोहिण्यांत परावर्तित दाबलाट लवकर परतून आकुंचन दाबात भर घालते, असेही मानले जाते. मात्र या लाटेचा वाटा किती यावर एकमत नाही आणि मुख्य भार भित्तींच्या ताठरपणावर देणे अधिक सयुक्तिक दिसते.

उतारवयात महारोहिणीचा ताठरपणा हेच सर्वांत नेहमीचे कारण असते. आकुंचन दाब वयाबरोबर चढत राहतो, प्रसरण दाब मात्र पन्नाशी-साठीनंतर उतरू लागतो. मधुमेह आणि जीर्ण वृक्कविकार (मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार) ही प्रक्रिया लवकर घडवतात. १६०/७० आणि १२०/९० या दोन्ही मोजण्यांचा सरासरी दाब सुमारे १०० येतो, परंतु पहिल्या व्यक्तीचा नाडीदाब ९० तर दुसरीचा ३० असतो. सरासरी दाबावर भिस्त ठेवल्यास हा भेद दिसतच नाही.

महारोहिणीची झडप जीर्ण स्वरूपात गळू लागल्यास बाहेर गेलेले रक्त अंशतः जवनिकेत परत येते, त्यामुळे खालचा आकडा घसरतो आणि पुढच्या ठोक्यात जास्त रक्त फेकले गेल्याने वरचा चढतो. अचानक उद्भवलेल्या गळतीत मात्र जवनिकेला विस्तारण्यास अवधी मिळालेला नसतो, म्हणून नाडीदाब जवळपास सामान्य राहू शकतो. महारोहिणीची भित्ती विदीर्ण झाल्याची शंका असताना सामान्य नाडीदाबावरून गळती नाही असा निष्कर्ष काढणे घातक ठरते. जन्मानंतर उघडी राहिलेली रोहिणी-नलिका (गर्भावस्थेत फुप्फुसाकडील रोहिणी व महारोहिणी यांना जोडणारी नळी), रोहिणी व नीला (शीर) यांतील थेट जोड, अवटू (थायरॉइड) ग्रंथीचा अतिरेक, तीव्र रक्तक्षय, ताप, गर्भारपण, यकृतसूत्रण (सिऱ्होसिस) आणि ब१ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा बेरीबेरी ही इतर कारणे होत. कवटीतील दाब वाढल्यास रक्तदाब चढून नाडीदाब रुंदावतो, नाडी मंदावते आणि श्वसन अनियमित होते. कुशिंग यांच्या नावाने ओळखले जाणारे हे त्रिकूट सहसा उशिरा दिसते, त्यामुळे ते दिसताच तातडीचे उपचार लागतात.

गळत्या झडपेच्या नाडीच्या वर्णनाचे श्रेय कोणाचे, याविषयी मतभेद आहेत. डब्लिनचे डॉमिनिक कॉरिगन यांचा १८३२ मधील लेख सर्वश्रुत आहे. तथापि व्ह्यूसाँ यांनी १७१५ मध्ये आणि टॉमस हॉजकिन यांनी १८२९ मध्ये हा विकार त्यांच्याआधी नोंदवला होता. कॉरिगन यांचा भर मान व बाहूंमधील रोहिण्यांच्या डोळ्यांना दिसणाऱ्या उड्यांवर होता. ‘जलघण’ नाडी ही उपमा टॉमस वॉटसन यांनी १८४४ मध्ये वापरली. अर्धवट पाणी भरून हवा काढून घेतलेली बंद काचनळी उलटी केली की पाणी तळावर घणासारखे आदळते, त्या खेळण्यावरून ती आली. विकाराचे सलग वर्णन कॉरिगन यांचे आणि बोटांना जाणवणाऱ्या आघाताची उपमा वॉटसन यांची, असे विभाजन ग्राह्य धरण्यास हरकत नाही. ठोक्यागणिक डोके डोलणे, नखाखालील लाली-पांढुरकी फिरणे (क्विंके, १८६८), मांडीच्या रोहिणीवरील दुहेरी मर्मर, म्हणजे रक्तप्रवाहाचा असामान्य आवाज (ड्युरोझिए, १८६१) इत्यादी चिन्हे पुढे जोडली गेली. ती नसल्याने गळती नाकारता येत नाही.

तपासणीची सुरुवात मोजणी पडताळण्यापासून होते. रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवून, बाहूच्या घेराला साजेसा पट्टा बांधून दोन्ही बाहूंत मोजणी करावी. कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये सुचवलेल्या श्रवणपद्धतीत ध्वनी नाहीसे होण्याचा बिंदू प्रसरण दाब धरला जातो, पण तीव्र गळतीत ते शून्यापर्यंत ऐकू येऊ शकतात. अशा वेळी ध्वनी मंदावण्याचा बिंदूही टिपून १६०/५०/० अशी नोंद करणे इष्ट असते. स्वयंचलित यंत्रे पट्ट्यातील कंपनांवरून दोन्ही आकडे अनुमानाने काढतात, त्यामुळे अनपेक्षित फरक कानाने पडताळून पाहावा. तरुण, उंच व्यक्तीत बाहूतील आकुंचन दाब महारोहिणीतील दाबापेक्षा बराच जास्त भरू शकतो.

त्यानंतर रुग्णाचा हात डोक्याच्या वर उचलून, तळहात त्याच्या अग्रबाहूभोवती धरून नाडीचा आघात पाहतात. रुग्णाला पुढे झुकवून, श्वास सोडून रोखायला सांगून उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) डाव्या कडेला प्रसरणाच्या आरंभीची मृदू, फुंकरीसारखी मर्मर ऐकतात. घाईत ती सहज निसटते. हिमोग्लोबिन व अवटू संप्रेरकांची चाचणी आणि हृद्‌विद्युतालेख (ईसीजी) यांनी पुष्कळ कारणे निकालात निघतात. झडपेची शंका राहिल्यास हृदयाची प्रतिध्वनी तपासणी (इको) निर्णायक असते. अवरोही महारोहिणीत (तिच्या खाली उतरणाऱ्या भागात) संपूर्ण प्रसरणकाळभर उलटा प्रवाह दिसणे हे तीव्र गळतीचे लक्षण होय. ताठरपणाच्या मापनासाठी मानेपासून मांडीपर्यंतच्या रोहिण्यांतील नाडीलाटेचा वेग मोजतात आणि तो सेकंदाला १० मीटरपेक्षा अधिक असल्यास वाढलेला धरतात.

उपचार कारणानुसार ठरतात. वृद्धांत वरचा आकडा खाली आणताना खालचाही उतरतो आणि हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्यांना रक्त मुख्यतः प्रसरणकाळात मिळते, म्हणून औषधाची मात्रा सावकाश वाढवून दोन्ही आकड्यांवर लक्ष ठेवावे लागते. तीव्र गळतीत हृद्‌गती मंदावणारी औषधे प्रसरणकाळ, पर्यायाने परत येणारे रक्त, वाढवू शकतात.