‘पायथन’ टाइप केलं की नक्की कोण उठतं?

अंधेरीच्या एका ऑफिसात सेंटओएस ६ चा (लिनक्सचाच एक प्रकार) सर्व्हर होता, त्यावर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं २.६ व्हर्जन, आणि मला हवं २.७. मी शहाणपणा करून सिस्टिमची ‘पायथन’ ही लिंकच, म्हणजे ते नाव टाइप केलं की कुठलं व्हर्जन उठायचं ते ठरवणारी पाटी, २.७ कडे वळवली. झालं, यम बंद! यम म्हणजे सेंटओएसवर सॉफ्टवेअर टाकायचं टूल, ते स्वतःच पायथनमध्ये लिहिलेलं आणि त्याला २.६ च लागायचं. नावाला जागला तो. लिंक परत जागेवर नेईपर्यंत शेवटची विरार गेली.

आता ही भानगड एवढी चिघळली कशी, तर डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३.० आलं आणि पायथन बनवणाऱ्यांनी जुना कोड मुद्दाम मोडला. प्रिंटला कंस लागायला लागले, ३ भागिले २ चं उत्तर १ चं १.५ झालं, पण खरं दुखणं मजकुराचं होतं. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) फाइलमध्ये साधं ‘मुंबई’ लिहून लांबी विचारली की पायथन २ सांगायचं १५, कारण ते बाइट मोजायचं, पायथन ३ उकार-अनुस्वार वेगळे धरून सांगतं ५. आपल्यासाठी तरी ही तोडफोड वर्थ होती.

पण लोक हलेनात. २.७ चा सपोर्ट २०१५ ला संपणार होता, तो २०१४ मध्ये थेट २०२० पर्यंत ढकलला. म्हणजे वर्षानुवर्षं एकाच चाळीत एकाच नावाचे दोन भाडेकरू, आणि पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, हा असा पोस्टमन की यादीतल्या पहिल्या ज्या दारावर नाव दिसेल तिथे पत्र टाकून मोकळा. २०१० मध्ये आर्च लिनक्सने ‘पायथन’ म्हणजे ३ असं केलं, बाकी बहुतेकांकडे २ च.

इयान बिकिंगचं व्हर्च्युअलएन्व्ह हे टूल २००७ पासून होतं, पण ते मुळात लायब्रऱ्यांची (तयार कोडच्या गठ्ठ्यांची) भांडणं मिटवायला, प्रत्येक प्रोजेक्टला वेगळी खोली, म्हणजे एन्व्हायर्नमेंट, देऊन (तीच कल्पना पुढे २०१२ ला ३.३ मध्ये व्हेन्व्ह म्हणून आत आली). व्हर्जन बदलायची युक्ती रुबी या दुसऱ्या भाषेवाल्यांची, त्यांच्या आरबीएन्व्ह या टूलची, पायएन्व्ह ही त्याचीच फोर्क, म्हणजे कॉपी घेऊन पायथनसाठी बदललेली. पोस्टमनच्या वाटेत सगळ्यात पुढे स्वतःचा माणूस बसवायचा, तो फोल्डरमधली छोटी फाइल बघून ठरवतो कुठलं व्हर्जन.

एप्रिल २०२० मध्ये शेवटचं २.७.१८ आलं. २०२३ च्या डेबियन १२ (हाही लिनक्सचाच प्रकार) मध्ये तर सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप, म्हणजे लायब्रऱ्या टाकायचं टूल, मुद्दाम जबरदस्ती केल्याशिवाय काही टाकूच देत नाही, एन्व्हायर्नमेंट बनव म्हणतो. माझा प्रकार मात्र यानेही अडला नसता, रूट, म्हणजे सगळे अधिकार हातात, असलं की लिंक आजही वळवता येते.