उंच गाडी घेतलीत, आता तिचे आंधळे कोपरे ओळखा

आरसे, सेन्सर, कॅमेरे आणि सीट कव्हर बसवायचं आमचं साताऱ्यातलं छोटं दुकान आहे. हॅचबॅक विकून एसयूव्ही घेतलेले ग्राहक आले की बहुतेकांच्या तोंडी पहिलं वाक्य असतं, "उंचावरून सगळं कसं मस्त दिसतं!" लांबचं मस्त दिसतं, हे खरंच. पण गाडीच्या अंगालगतचं कमी दिसायला लागतं, आणि ते कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणून हे पत्रक. कॅमेरा घ्यायचा की नाही ते नंतर ठरवा, आधी एवढं वाचा.

गाडी दुकानात आली की आम्ही एक प्रयोग करतो. मालकांना सीटवर बसवतो आणि बॉनेटच्या पुढ्यात, बंपरला जवळजवळ टेकवून, प्लास्टिकचं स्टूल ठेवतो. "दिसतंय का?" नाही. स्टूल बंपरपासून एक पाऊल दूर नेतो. नाही. आणखी एक. स्टुलाची कड दिसली की तिथे खडूने रेघ मारतो आणि मालकांना खाली उतरून बघायला सांगतो. त्या रेघेपासून बंपरपर्यंत चालत जाताना माणसं गप्प होतात.

याचं गणित साधं आहे. समजा तुमचा डोळा जमिनीपासून दीड मीटरवर आहे आणि डोळ्यापासून 1.9 मीटर पुढे असलेली बॉनेटची कड 1.1 मीटर उंच आहे. मग त्या कडेपासून पुढची पाच मीटरहून जास्त जमीन तुम्हाला दिसतच नाही. पाऊण मीटर उंचीचं लहान मूल त्या कडेपासून साधारण 1.7 मीटर पुढे गेल्यावर त्याच्या डोक्याचा फक्त शेंडा दिसायला लागतो. सीट 5 सेंटीमीटर वर घेतली तर याच हिशेबात अर्ध्या मीटरहून जास्त जमीन मोकळी होते. म्हणून आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाला, आणि उंची कमी असलेल्या ताईंना तर आवर्जून, आम्ही आधी सीट वर घ्यायला लावतो. हँडलच्या वरून बघावं लागलं पाहिजे, हँडलच्या आतून नव्हे. याला पैसे लागत नाहीत.

आता आरसे. दहातल्या आठ गाड्यांत बाजूच्या आरशात स्वतःच्याच गाडीचं दार अर्ध्या आरशाएवढं दिसत असतं. दार कुठे पळून जाणार नाही, ते बघून काय करायचं? आरसे असे लावा. ड्रायव्हर साइडसाठी डोकं उजव्या काचेला टेकवा आणि गाडीची कड आरशात जेमतेम दिसेल इतका आरसा बाहेर वळवा. क्लीनर साइडसाठी डोकं दोन्ही सीटच्या मधोमध आणा आणि तो आरसाही तसाच लावा. सरळ बसल्यावर दोन्ही आरशांत तुमची गाडी दिसणार नाही, शेजारची लेन दिसेल. पहिले दोन दिवस चुकल्यासारखं वाटतं, मग सवय होते. बरोबर लागलेत का ते बघायला घरातल्या कुणाला तरी गाडीच्या मागून एका बाजूने चालत पुढे यायला सांगा. आतल्या आरशातून माणूस सुटायच्या आत बाजूच्या आरशात यायला हवा, आणि तिथून सुटायच्या आत डोळ्याच्या कोपऱ्यात.

क्लीनर साइडचा आरसा बहुधा फुगीर असतो. त्यात जास्त दिसतं, पण मागची गाडी लहान आणि लांब वाटते. पोवई नाक्याला डावीकडे वळताना याच बाजूने मोटारसायकल आत घुसते. आरसा बघितलात तरी वळण्यापूर्वी मान एकदा वळवाच. त्याला फार वेळ लागत नाही.

काचेच्या दोन्ही कडांचे खांब हा वेगळाच प्रकार आहे. गाडी उलटली तर छत सांभाळायला ते जाड केलेले असतात, त्यामुळे तक्रार नाही. पण यवतेश्वरच्या घाटात उजव्या वळणावर समोरून येणारी मोटारसायकल नेमकी त्या खांबामागे येते, आणि तुम्ही दोघं वळत असल्यामुळे कितीतरी वेळ तिथेच राहते. कास फुलायच्या दिवसांत तिथे धुकं आणि गर्दी दोन्ही असतात. वळणाआधी अंग थोडं पुढे-मागे हलवा, म्हणजे खांबामागचं उघडं पडतं. मोबाईलचा स्टँड आणि डॅशबोर्डवरची मोठी मूर्ती त्या कोपऱ्यात ठेवू नका. देव मधोमध बसवा, शक्यतो छोटा.

रिव्हर्सबद्दल मात्र आम्हाला मनापासून बोलायचंय. 1 जुलै 2019 पासून नव्या कारमध्ये मागचे सेन्सर सक्तीचे आहेत, आणि त्यांचा उपयोग नक्की आहे. पण बारीक लोखंडी पाइप, बंपरच्या खाली राहिलेला दगड किंवा बाजूने अचानक धावत आलेलं पोर सेन्सरला वेळेत सापडेलच असं नाही. चिखल बसला तर तो उगाच वाजतो किंवा वाजतच नाही. आमच्या स्वतःच्या घरी असं झालं. संध्याकाळी अंगणातून गाडी मागे घेताना पुतणीची तीनचाकी सायकल चाकाखाली आली. सेन्सर वाजला तेव्हा वाटलं, नेहमीची तुळस असेल. पुतणी पाच मिनिटांपूर्वीच पाणी प्यायला आत गेली होती. वाकलेलं हँडल हातात घेऊन आम्ही सगळे बराच वेळ पायरीवर बसून होतो. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे: गाडीभोवती एक फेरी मारल्याशिवाय रिव्हर्स गिअर पडत नाही. गाडी घरातल्या कुणीही काढो.

हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या येतात. दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरवाल्याला मागचं काहीच दिसत नाही, आणि उसाची मोळी आरशाच्याही बाहेर आलेली असते. त्याचा चेहरा त्याच्या आरशात तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही. मागे थांबा, हॉर्न द्या, त्याने हात केला की जा.

दोन कामं आम्ही करत नाही, आधीच सांगून ठेवतो. एक, काळी फिल्म. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा नियम आहे. शिवाय रात्री काळ्या काचेतून आरसाच दिसत नाही, मग आरसे लावून उपयोग काय? दुसरं, पुढचं लोखंडी गार्ड. केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच त्यांच्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलंय, आणि पुढची आंधळी जागा त्याने आणखी वाढते.

कॅमेरा हवा असेल तर बसवून देऊ. पण सीट आणि आरसे लावून झाल्यावरच. सीट-आरसे लावायला वीस मिनिटं लागतात आणि आम्ही त्याचे पैसे घेत नाही. येताना घरात गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना घेऊन या, कारण प्रत्येकाची खडूची रेघ वेगळ्या ठिकाणी पडते.