उंदराचं चाक आणि 'मला जमेल'

रिझल्टचा सीझन आला की व्हॉट्सॲपवर हत्तीची ती गोष्ट हमखास फिरायला लागते. लहानपणी साखळीने बांधलेलं पिल्लू मोठं झालं तरी साध्या दोरीला अडून बसतं, कारण आपल्याला हे तुटणार नाही असं ते शिकलेलं असतं, आणि खाली तात्पर्य, स्वतःवर विश्वास ठेवा. हल्ली त्याखाली 'सायकॉलॉजीमध्ये याला लर्न्ड हेल्पलेसनेस (शिकलेली हतबलता) म्हणतात' अशी एक ओळ पण असते, म्हणजे गोष्टीला विज्ञानाचा शिक्का. माझा आक्षेप त्या ओळीला आहे. ही थिअरी खरोखर होती आणि खूप गाजलेली होती, पण ज्या दोघांनी ती मांडली त्यांनीच २०१६ मध्ये, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी, जाहीरपणे लिहिलं की आपण मूळ गोष्ट उलटी लावली होती. ती उलटी कशी हे कळलं की आत्मविश्वास येतो कुठून आणि आपल्या बाजूने उभी राहणारी माणसं त्यात नेमकं काय करतात, याचं चित्रच बदलतं. मला मेंदूविज्ञानातलं हे काम अतिशय आवडतं म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सुरुवात १९६० च्या दशकातली, पेनसिल्वेनिया विद्यापीठात. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर हे दोघं तेव्हा तिथे शिकत होते. प्रयोग कुत्र्यांवर होता आणि आज वाचताना त्रास होतो हे आधीच सांगते. एका कुत्र्याला विजेचे त्रासदायक झटके बसायचे आणि डोक्याने समोरची फळी दाबली की ते थांबायचे. दुसऱ्या कुत्र्याला तेवढेच झटके, तेवढाच वेळ, पण त्याच्या फळीचा कशाशी संबंधच नाही, पहिल्याने थांबवले की याचेही थांबणार. म्हणजे दोघांच्या शरीराने सोसलेलं अगदी सारखं, फरक एवढाच की एकाच्या हातात काहीतरी होतं. दुसऱ्या दिवशी दोघांना एका पेटीत ठेवलं, मधे बुटका अडसर, पलीकडे उडी मारली की सुटका. पहिला कुत्रा पटकन उडी मारायला शिकला. दुसऱ्या गटातले साधारण दोन तृतीयांश कुत्रे मात्र तिथेच पडून राहिले. यावरून १९६७ मध्ये निष्कर्ष निघाला की हे कुत्रे 'आपण काहीही केलं तरी फरक पडत नाही' हे शिकले, हतबलता शिकले. पुढे डिप्रेशनच्या अभ्यासात ही कल्पना सगळीकडे पसरली.

सेलिगमन पुढे वेगळ्या वाटेने गेले, पण मायर यांना एक प्रश्न स्वस्थ बसू देत नव्हता, की हे 'शिकणं' मेंदूत घडतं कुठे. ते कोलोराडोला गेले, न्यूरोसायन्स शिकले आणि उंदरांवर काम सुरू केलं. इथे फळीऐवजी चाक. उंदराच्या शेपटीला झटका बसतो, त्याने पुढच्या पायांनी चाक फिरवलं की थांबतो. शेजारच्या पेटीत दुसरा उंदीर, त्याच्याकडेही चाक आहे पण ते कशालाच जोडलेलं नाही.

आता मेंदूत काय होतं ते बघू, इथे थोडं सांभाळून वाचा. मेंदूच्या खालच्या भागात, ब्रेनस्टेममध्ये, डॉर्सल राफे न्यूक्लियस नावाचा पेशींचा छोटा पुंजका आहे. मेंदूच्या वरच्या भागांना जाणारं सेरोटोनिन मोठ्या प्रमाणावर इथून जातं. (सेरोटोनिन म्हणजे 'हॅपी हार्मोन', केळं खा आणि आनंदी व्हा, असं जे सगळीकडे वाचायला मिळतं ते इथे बाजूला ठेवा, कारण हा रेणू मेंदूत कुठे आणि किती सुटतो त्यावर त्याचं काम ठरतं आणि या गोष्टीत तो त्रासच देतो.) लांबलेला त्रास सुरू झाला की राफेतल्या पेशी जोरात पेटतात. त्यांचं सेरोटोनिन ॲमिग्डालात पोचलं की भीती आणि धास्ती वाढते, आणि पेरिॲक्विडक्टल ग्रे वगैरे भागांत पोचलं की पळायची, झटापट करायची हालचाल दबते. शिवाय या पेशींवर स्वतःलाच आवर घालणारे रिसेप्टर असतात, ते अशा माऱ्यानंतर काही दिवस मंद पडतात, त्यामुळे पुढच्या वेळी छोट्याशा त्रासालाही सेरोटोनिन भरमसाट सुटतं. उंदीर गप्प पडून राहतो तो यामुळे. आणि मुख्य मुद्दा हा की यातलं काहीच शिकलेलं नाही. लांबलेल्या त्रासात गप्प पडून राहणं ही जन्मजात, आपोआप येणारी प्रतिक्रिया आहे, त्यासाठी 'माझ्या हातात काही नाही' असा निष्कर्ष मेंदूला काढावाच लागत नाही.

मग चाक जोडलेला उंदीर वेगळा का? कारण त्याच्या मेंदूत एक जास्तीची गोष्ट घडते. कपाळामागच्या भागात, मेडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, 'मी अमुक केलं आणि म्हणून तमुक झालं' हे हेरणारं सर्किट आहे, खोलवरच्या स्ट्रायटमच्या एका भागाशी जोडलेलं. चाक फिरवलं, झटका थांबला, पुन्हा फिरवलं, पुन्हा थांबला, हा संबंध त्याने पकडला की तिथून निघालेले तंतू खाली राफेपर्यंत जातात. ते सेरोटोनिनच्या पेशींना थेट गप्प करत नाहीत, त्यांच्या शेजारच्या गाबा पेशींना जागं करतात, गाबा म्हणजे मेंदूतला थांबवणारा निरोप, आणि त्या गाबा पेशी मग राफेला आवरतात. म्हणजे त्रास सुरू होताना दोन्ही उंदरांचं राफे पेटतंच, एकाला वरून ब्रेक लागतो, दुसऱ्याला लागत नाही.

हे नुसतं चित्र काढून सांगितलेलं नाही, तपासलेलं आहे, आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. २००५ मध्ये मायर यांच्या गटाने एका औषधाने प्रीफ्रंटलचा तो भाग तेवढ्यापुरता बंद केला आणि उंदराला जोडलेलं चाक दिलं. उंदीर नीट चाक फिरवत होता, झटके थांबत होते, बाहेरून बघणाऱ्याला तो एकदम यशस्वी उंदीर, पण नंतरच्या परीक्षेत तो हतबल उंदरासारखाच वागला. म्हणजे त्याच्या हातात ताबा होता, पण त्याच्या मेंदूत त्याची नोंदच झाली नाही. पुढे उलटाही प्रयोग केला, चाक न जोडलेल्या उंदराचा तोच भाग औषधाने चेतवला, आणि हातात काही नसतानाही तो सावरला. आणि अजून एक, ज्या उंदराला आधी एकदा चालणारं चाक मिळालं होतं त्याला काही दिवसांनी न थांबवता येणारे झटके दिले तरी तो कोलमडला नाही. लसीसारखं झालं. तरुण वयात मिळालेला असा अनुभव उंदराच्या मोठेपणीही टिकतो हेही नंतर दिसलं.

म्हणून २०१६ च्या लेखात मायर आणि सेलिगमन म्हणतात की हतबलता शिकावी लागत नाही, शिकावी लागते ती ताब्याची जाणीव. 'मला जमेल' हा विश्वास मेंदूत नोंदींनी बनतो, मी केलं आणि फरक पडला, या नोंदींनी. उंदरावरून माणसावर एकदम उडी मारू नये हे खरंच, माणसाला भाषा आहे, आठवणी आहेत, शेजारपाजार आहे. पण सापाला घाबरणाऱ्या लोकांना एमआरआयमध्ये ठेवून सापाचे व्हिडिओ दाखवले तेव्हा, व्हिडिओ आपल्याला थांबवता येणार आहे असं माहीत असताना प्रीफ्रंटलचा जवळपासचाच भाग जास्त जागा झालेला दिसला.

आता पाठिंबा देणाऱ्या माणसांकडे येते. १९६८ मध्ये याच गटाने पडून राहिलेल्या कुत्र्यांना बरं करायचा प्रयत्न केला होता. पलीकडून हाका मारल्या, मधला अडसर काढून टाकला, खायला टाकलं, काही उपयोग नाही. शेवटी गळ्याला पट्टा लावून त्यांना ओढत पलीकडे नेलं, पुन्हा इकडे आणलं, पुन्हा नेलं. सुरुवातीला ओझं ओढावं तसं, मग हळूहळू ओढायला जोर कमी लागायला लागला आणि शेवटी कुत्रे स्वतःहून उडी मारायला लागले. प्रोत्साहनाच्या हाकांनी जे झालं नाही ते अंगाने करून बघितल्यावर झालं.

माणसांत हे सगळ्यात नीट दाखवलं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी, स्टॅनफर्डमध्ये. सापाच्या भीतीने ज्यांचं बागकाम, ट्रेकिंग सगळं बंद पडलं होतं असे लोक त्यांनी घेतले. एका गटाने दुसऱ्याला साप हाताळताना फक्त बघितलं. दुसऱ्या गटाबरोबर थेरपिस्ट स्वतः उतरला, आधी त्याने साप धरला, मग सापाचं डोकं आणि शेपटी आपल्या हातात ठेवून समोरच्याला मधल्या भागाला हात लावू दिला, आधी ग्लोव्ह घालून, मग उघड्या हाताने, आणि जमेल तसा आपला हात काढत गेला, शेवटी माणूस एकटा सापाबरोबर. नुसतं बघणाऱ्यांपेक्षा हे लोक खूप पुढे गेले, आणि कोण कुठल्या पायरीपर्यंत जाईल हे 'तुला हे जमेल का' या प्रश्नाच्या त्याच्या आधीच्या उत्तरावरून बऱ्यापैकी नेमकं सांगता येत होतं. १९७७ मध्ये त्यांनी या विश्वासाचे चार स्रोत सांगितले, स्वतः करून बघणं, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना बघणं, कुणीतरी 'तुला जमेल' म्हणणं, आणि त्या वेळची शरीराची अवस्था, म्हणजे धडधड, घाम वगैरे. यात सगळ्यात भक्कम पहिला. शब्दांचा पाठिंबा बराच खाली येतो, आणि आपण मात्र पोरांना तोच सगळ्यात जास्त देतो.

गावाकडे विहिरीत पोहायला शिकवतात ते आठवा. पाठीला रिकामा डबा बांधायचा, काका किंवा मोठा भाऊ पाण्यात सोबत असतो, काही दिवसांनी डबा लहान होतो, मग एक दिवस नसतोच. बंडुरांनी मोजून मापून हेच केलं. यातला डबा काढायचा भाग पाठिंब्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण आधार कायम राहिला तर 'मी तरलो' ही नोंद होतच नाही, 'डब्याने तारलं' अशी होते. बंडुरांच्या गटाने नंतर हे वेगळं तपासलं, उपचार झाल्यावर ज्यांना थेरपिस्टशिवाय एकट्याने सराव करायला वेळ दिला त्यांचा आत्मविश्वास जास्त वाढला. घरचा अभ्यास, प्रोजेक्ट, फॉर्म भरणं सगळं स्वतः करून देणारे प्रेमळ आईबाबा मी खूप बघते, त्यांच्या प्रेमात काहीच खोट नाही, पण चाक त्यांच्याच हातात राहतं.

याच कारणासाठी मला अफर्मेशनच्या आणि मॅनिफेस्टेशनच्या महागड्या वर्कशॉपचा राग येतो. आरशासमोर उभं राहून 'मी समर्थ आहे' म्हणायचं आणि मग युनिव्हर्स देणार. २००९ मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या जोॲन वुड यांनी हे तपासलं, लोकांना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचं वाक्य स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणायला सांगितलं. ज्यांना आधीच स्वतःबद्दल बरं वाटत होतं त्यांना किंचित फायदा झाला, आणि ज्यांना खरी गरज होती त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. आणि साडेसातीबद्दलही बोलायलाच हवं. धडपडणाऱ्या माणसाला शनीचं कारण देऊन सांगायचं की आता साडेसात वर्षं तुझ्या हातात काही नाही, म्हणजे त्याचं जोडलेलं चाक आपल्याच तोंडाने तोडायचं. त्यावर शांतीची पूजा आणि अंगठी विकणाऱ्यांना मी तरी माफ करू शकत नाही.

पण एक उलटी चूकही फार होते. चाक न जोडलेल्या उंदराचा दोष काहीच नसतो. त्याला कितीही हुरूप दिला तरी झटका थांबत नाही, चाक जोडावं लागतं. ज्या मुलीची शाळा सातवीनंतर गावात नाहीच, एसटीही नाही, तिला 'स्वतःवर विश्वास ठेव' सांगणं हा पाठिंबा नव्हे, तिच्यासाठी एसटी सुरू करून घेणारा माणूस हा पाठिंबा.

हे माणसाच्या अख्ख्या आयुष्यावर कसं उमटतं ते बघायचं तर हवाईमधलं काउआई बेट. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा चाळिशीपर्यंत पाठपुरावा केला. बेटावर ऊसमळ्यांतले मजूर खूप. गरिबी, बाळंतपणातल्या अडचणी, घरात दारू किंवा मानसिक आजार, भांडणं, अशा चार किंवा जास्त गोष्टी वयाच्या दोन वर्षांच्या आत ज्यांच्या वाट्याला आल्या त्यातली दोन तृतीयांश मुलं पुढे अडचणीत आली. उरलेली एक तृतीयांश, ७२ मुलं, कामसू, समजूतदार, दुसऱ्याची काळजी घेणारी माणसं झाली. त्यांच्यात वारंवार दिसलं की निदान एक मोठं माणूस घट्ट त्यांच्या बाजूने होतं, आईवडीलच असं नाही, आजी, मावशी, शिक्षिका, शेजारी कुणीही. दुसरं म्हणजे त्यांच्यावर लहानपणी खरी जबाबदारी होती, धाकट्या भावंडांना सांभाळणं, घरचं काम, ज्यावाचून घर अडेल असं काहीतरी. आणि अठराव्या वर्षी त्यांना वाटत होतं की आपल्या आयुष्यात काय होईल ते बऱ्यापैकी आपल्या करण्यावर आहे. यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे अशा अभ्यासातून पूर्ण सुटं करता येत नाही, ही मुलं बाळपणापासूनच हसरी, लाघवी होती असंही नोंदलंय आणि लाघवी बाळाकडे मोठी माणसं आपणहून वळतात. तरी उंदराचं चाक आणि बंडुरांचा साप शेजारी ठेवले की या यादीतली एकेक गोष्ट ओळखीची वाटायला लागते.

आणि ती दोन तृतीयांश पण तिथेच राहिली नाहीत. अठराव्या वर्षी ज्यांची नोंद बिघडलेली अशी होती, त्यातले बरेच जण तिशी-चाळिशीत सावरलेले सापडले, बायका पुरुषांपेक्षा जास्त, किशोरवयात आई झालेल्या मुलीसुद्धा. कुणी मोठेपणी कम्युनिटी कॉलेजात परत शिकायला गेलं होतं, कुणी सैन्यात जाऊन एखादं काम शिकलं होतं, कुणाला नीट जोडीदार मिळाला होता. मानसोपचाराने सावरलेले त्यात फार थोडे होते.